करडाचा वाटा

बिरूला प्रश्न विचारायची खोड होती आणि बासष्टी उलटली तरी ती गेली नव्हती. एसटीच्या कंडक्टरला तो विचारी, हे तिकिटाचं यंत्र बिघडलं तर दुरुस्त कोण करतं. खांद्याच्या डॉक्टरने ‘वल्हं आता विसरा’ असं सांगितलं, तेव्हाही या गड्याने आधी हेच विचारलं, की खांद्याच्या वाटीत नेमकं झिजतं काय. दुःख घरी आल्यावर झालं, पण झालं ते मात्र भरपूर झालं.

घराणं मेंढरांचं. पैठणच्या धरणाचं पाणी चढलं, चराईचे माळ त्यात गेले, तेव्हा बिरू सोळा वर्षांचा होता. बापाने कळप विकला, घरच्या दुधापुरत्या शेळ्या ठेवल्या, आणि ज्या पाण्याने माळ नेला त्याच पाण्यात बिरू जाळी टाकायला शिकला. मेंढपाळाचं पोर होडीत बसतंय म्हणून लोक हसले. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं तो होडीतच बसला.

आता खांदा गेला म्हटल्यावर पुढे काय? चितेगावच्या एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमनची जागा रिकामी होती आणि ठेकेदार ओळखीचा होता. दिवसभर खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. पाण्याशिवाय आपण मरू, असं तो बायकोला, राजाबाईला, स्पष्ट म्हणाला होता. ती म्हणाली होती, पाण्यात तरी काय वेगळं होणार आहे.

मग एक वाट निघाली. दर हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी आपल्या होडीला नवी मोटार घेतली आणि जुनी बिरूला देऊन टाकली. होडीच्या मागे अडकवायची, दांड्याच्या टोकाला पंखा असलेली, बॅटरीवर चालणारी बारकी मोटार. आवाज नाही, धूर नाही. बॅटरी तेवढी ज्याची त्याने बघायची.

ती बिरूने आठवडी बाजारात बोकड निवडावा तशी निवडली. रस्त्याकडेच्या भंगाराच्या दुकानात जाऊन चांगल्या हाताने एकेक उचलून पाहिली आणि सगळ्यांत जड ती घेतली. ट्रकमधली होती. तीन दिवस होडी अशी पळाली की बिरू काठावरच्या लोकांना हात करत गेला. चौथ्या दिवशी दुपारी भर पाण्यात मोटार कण्हली आणि गप्प झाली. वाऱ्याने होडी पलीकडच्या काठाला नेऊन टाकली. दुसऱ्याच्या होडीतून तो घरी पोचला, तेव्हा दिवस मावळत होता आणि राजाबाई दुपारपासून काठावर उभी होती. सकाळी तिने ठेकेदाराच्या नंबराची चिठ्ठी आणून त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

“सोमवारपर्यंत थांब,” बिरू म्हणाला. गुरुवारी त्याने शहराची एसटी धरली.

क्रांती चौकातून आत एका गल्लीत वहाबचं दुकान होतं. ई-रिक्षा आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांतच त्याची हयात गेली होती. बिरूने आपली मोटार, होडी, जाळी, सगळं सांगितलं आणि म्हणाला, “वहाबभाई, नवी मंग बघू. आधी जुनी का मेली ते सांगा.”

वहाबने चष्मा वर केला. “मामू, गिऱ्हाईक भाव विचारतं. मरायचं कारण कोण विचारत नाय.” त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि फोडून ठेवलेल्या एका बॅटरीच्या पोटातले पत्रे दाखवले. “ये देखो. ट्रकच्या बॅटरीत पत्रे पातळ. इंजिनला एक जोराचा धक्का द्यायचा, बस. मंग इंजिनच तिला परत भरतं. तुमची मोटार घंटा दोन घंटे हळूहळू पिणार. ते पातळ पत्र्याला झेपत नाय.”

बिरूने पत्र्यावरून बोट फिरवलं. इतकी वर्षं रस्त्याने ट्रक बघितले, पण आत हे असं असेल हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. त्याला खांद्याचा विसर पडला.

मग निवड सुरू झाली. लिथियमची बॅटरी बिरूने एका हाताने उचलली. एवढी हलकी वस्तू कामाची कशी, याचं त्याला कोडं पडलं. वहाबने समजावलं, आणि किंमत ऐकल्यावर बिरूने ती तान्हं मूल ठेवावं तशी जागेवर ठेवली. इन्व्हर्टरची उंच बॅटरी जागची हलेना, म्हणून तीच त्याच्या मनात भरली.

“वजन म्हंजे शिसं, ते तुमचं बरोबर,” वहाब म्हणाला. “पण होडीत तुम्ही, मामी, जाळं, मासे. ही चढली तर उतरणार कोण?”

बिरू खो खो हसला. राहिली ई-रिक्षाची. जाड पत्र्यांची, परवडणारी, दोघांनी दोन कड्या धरून नेण्याजोगी.

“ही चालंल,” वहाब म्हणाला. “पण एक शर्त. अर्धी संपली की परत भरायची. पूरी पिळली की बाद. रिक्षावाल्यांना सांगून सांगून माझा घसा बसला, ऐकतं कोण?”

“म्हंजे करडाचा वाटा ठेवायचा,” बिरू म्हणाला.

“क्या?”

“शेळीला सड दोन. एक आपला, एक करडाचा. दोनी पिळले तर आज तांब्या भरतो, पण करडू वाळतं. मंग पुढं काय पिळता?”

वहाबने मान डोलावली. बिरूला मात्र मनापासून लाज वाटली. जे सातव्या वर्षापासून ठाऊक होतं तेच तो विसरला होता आणि त्या ट्रकच्या बॅटरीला चार दिवस थेंबाथेंबापर्यंत पिळत बसला होता. वहाबने आपल्याकडचा व्होल्ट दाखवणारा एक बारका मीटर बॅटरीला जोडून दिला. मोटार बंद करून जरा थांबायचं आणि आकडा बघायचा. बारा पॉइंट चार दिसलं की होडी वळवायची, म्हणजे काठावर बारा पॉइंट दोन उरतं. तीच अर्धी.

रविवारी सकाळी राजाबाई न सांगता होडीत येऊन बसली. काठावर उभं राहायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. पाच जाळी निघाली, सहावं निघालं. तोवर वारा फिरला आणि परतीच्या वाटेवर समोरून लागणार हे दोघांनाही कळलं. बिरूने मोटार बंद केली आणि मीटर पाहिला. बारा पॉइंट चार.

सातव्या जाळ्याला खूण म्हणून बांधलेली तरंगती बाटली समोर दिसत होती, आणि खालून ओढल्यासारखी सारखी डुबकत होती.

“एवढं एकच ऱ्हायलं,” राजाबाई म्हणाली. “लई मासा दिसतोय.”

बिरूने बाटलीकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षांत त्याने भरलं जाळं कधी पाण्यात सोडलं नव्हतं. त्याचा जीव तुटला.

“ते करडाचं,” तो म्हणाला आणि त्याने होडी वळवली.

राजाबाईचा हात जन्मभर शेळ्यांच्या सडांवर फिरला होता. तिने अर्थ विचारला नाही. सगळ्या वाटेने ती मागे राहिलेल्या बाटलीकडे न बघता नवऱ्याकडे बघत राहिली. वारा समोरून येत होता आणि मोटार सावकाश, न कण्हता चालत होती. काठ लागल्यावर जरा थांबून तीच मीटरवर वाकली आणि आकडा तिने मोठ्याने वाचला. बारा पॉइंट दोन.

“ठेकेदाराला आजच सांगून टाका,” ती म्हणाली, “दुसरा माणूस बघ म्हणावं.”

बिरूने बॅटरीच्या वायरी सोडवल्या.

“अन् उद्या सातव्या जाळ्यापासून सुरू करायचं,” असं म्हणून तिने बॅटरीची त्याच्या दुखऱ्या खांद्याकडची कडी धरली.