परवाचं फायनल

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओवर थोरल्याने सांगितलं की शाळेच्या ग्रुप प्रोजेक्टचा लीडर त्याला केलंय. लगेच तुमची आई मधे बोलली, "आजीला विचार. तिने इंजिनिअरिंगच्या मुलांचा सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट सांभाळलाय." त्यावर थोरल्या, तू इतक्या आदराने माझ्याकडे बघितलंस की मी नुसती मान डोलावली. आता तू खरंच माझी पद्धत उचलशील अशी भीती वाटते, म्हणून हे लिहिते. आईकडून वाचून घ्या.

आमच्या कॉलनीतल्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी एका जुन्या संगणकावर होती. तो बंद पडला. यादी कशीबशी नव्या संगणकावर आणली, पण उघडली की मराठीच्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. पूर्वी मराठी टाइप करायला जे फॉन्ट वापरत, ते या नव्याला कळत नव्हते. पुस्तकं कपाटात, वाचक दारात, आणि कुठलं पुस्तक कुठे आहे ते कुणालाच सांगता येईना. मग एका कॉलेजने हे काम शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट म्हणून दिलं. आमच्याकडून कुणीतरी त्यांच्याशी बोलायला हवं होतं. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्या अर्थी मला संगणकही येत असणार, असा समितीचा समज झाला. तो मी खोडून काढला नाही.

काम नुसतं बोलण्याचं होतं. मी नियम करायला लागले. मीटिंग वेळेवर सुरू. ग्रुपवरचा संदेश एका ओळीचा, फापटपसारा नको. संदेश वाचला की प्रत्येकाने 'समजले' असं लिहायचं. आणि वाचनालयाच्या संगणकावर प्रोग्रॅमची एकच आवृत्ती राहील. नवी आली की जुनी टाकून द्यायची. मला घरात रिकामी बरणी खपत नाही, तिथे हे कसं खपेल?

चौघांत एक मनमाडचा उंच मुलगा होता. त्याने विचारलं, "मॅडम, हा प्रोजेक्ट आहे का एनसीसी?"

"गप रे," टीमची लीडर त्याला म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "समजले, मॅडम."

ही लीडर देवळ्याची. पुण्यातल्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती, पण या परीक्षेत सगळ्या विषयांत पास व्हायची अट होती. प्रोजेक्ट अडकला तर परीक्षा पुढच्या खेपेला आणि नोकरी दुसऱ्या कुणाला. ती हे कधी बोलून दाखवायची नाही. मीटिंगला मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

सगळं अडलं होतं पहिल्या वेलांटीवर. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप करत. नव्यात ती अक्षरानंतर लागते. त्यामुळे वेलांटी आपली जागा सोडून अलीकडच्या अक्षरावर जाऊन बसायची. 'कविता'ची 'किवता' व्हायची, 'गणित'चं 'गिणत'. एका संध्याकाळी त्या मुलीने नवी आवृत्ती आणली. यादीतली एकूण एक वेलांटी जागेवर! मी चष्मा लावला, आणि मला दिसलं ते फक्त वरचं शीर्षक. घाईत काना इकडचा तिकडे झाला होता आणि 'वाचनालय'चं 'वाचनलाय' झालं होतं.

शुद्धलेखनावर मी बराच वेळ बोलले. त्या मुलीने इतके दिवस खपून वेलांट्या बसवल्या, त्याबद्दल एक शब्दही नाही.

"मॅडम, बरोबरच आहे ना," उंच मुलगा म्हणाला. "लय वाचतो तो वाचनलाय."

ती एकटी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून फोन आला, बाहेरचे परीक्षक परवा येताहेत, प्रोग्रॅम वाचनालयातच बघतील. मी ग्रुपवर माझ्याच नियमात बसणारा सुटसुटीत संदेश टाकला: 'परवाचं फायनल.' चौघांचंही 'समजले' आलं. असा शिस्तीचा कारभार चालला की मला स्वतःचंच कौतुक वाटतं.

परीक्षक यायच्या दिवशी सकाळी मी टेबलावर कापड घातलं, चिवडा काढून ठेवला. वाचनालयात एकही विद्यार्थी नाही. मी लीडरला फोन लावला.

"अगं, कुठे आहेस?"

"देवळ्याला, मॅडम. मावसबहिणीची हळद आहे."

"आणि परवाचं फायनल?"

"हो, परवाचंच ठेवलंय. मनमाडवाल्याकडे परवाची जुनी आवृत्ती होती, ती त्याने संगणकावर परत बसवली आणि नवी काढून टाकली. तुम्हाला 'लाय' आवडलं नव्हतं ना."

"अगं, परवा म्हणजे मागचा नाही, पुढचा! परवा म्हणजे आज! परीक्षक आज येताहेत!"

पलीकडे कुणीतरी परात शोधत ओरडत होतं. मग ती अगदी हळू म्हणाली, "मॅडम, माझी नोकरी जाईल." आणि लगेच, "नवी माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. मी निघते. तुम्ही फक्त सरांना थांबवा."

परीक्षक आले. पाठोपाठ, लीडरचा फोन मिळताच निघालेला उंच मुलगा धापा टाकत, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आला. सरांनी शोधायच्या चौकटीत 'कविता' टाइप केलं. 'काही सापडले नाही.'

"तुमच्याकडे कविताच नाही?"

"आहे ना सर," मुलगा म्हणाला. "'किवता' टाका."

त्यांनी टाकलं आणि पडदा भरून गेला. सर हसले, पण पेन काढत म्हणाले, "म्हणजे आता वाचकांनी असं बोलायला शिकायचं?"

देवळ्याची बस अजून वाटेतल्या चांदवडलाही पोचली नसेल. मी बोलायला लागले. धडा संपला तरी घंटा होईपर्यंत वर्ग धरून ठेवायची कला एवढीच माझी खरी विद्या. कपाटं दाखवली, वाळवीचा इतिहास सांगितला, दोनदा चिवडा वाढला. शेवटी सर घड्याळ बघून उठले, तेव्हा मी त्यांच्यापुढे मोबाइल धरला. "सर, प्रोग्रॅम बरोबर आहे. घोळ माझ्या या दोन शब्दांनी झालाय."

त्यांनी वाचलं. "यात काय घोळ? परवा जे केलं होतं तेच फायनल, असंच ना?"

उंच मुलाने छताकडे बघितलं. मी सांगितलं की मला त्यांच्या येण्याचा दिवस म्हणायचा होता. सरांनी संदेश पुन्हा वाचला, खुर्ची ओढली आणि बसले. "येऊ द्या मुलीला. चहा मिळेल का?"

ती आली तेव्हा लॅपटॉप ओढणीत गुंडाळलेला होता आणि कोपरापर्यंत हात पिवळे. कुणाशी न बोलता तिने प्रोग्रॅम सुरू केला. वर ठळक अक्षरांत 'वाचनलाय'. मी तोंड मिटून घेतलं. आईला विचारा, हे किती अवघड आहे. सरांनी 'कविता' टाकलं. सापडली. 'गणित' टाकलं. तेही सापडलं, कपाट आणि खणासकट.

"सगळ्यात अवघड काय गेलं?" सरांनी तिला विचारलं.

"वेलांटी, सर." तिने माझ्याकडे बघितलं. "आणि नियम."

सर मोठ्याने हसले. ती पास झाली, पुण्याला गेली, नोकरीत आहे.

त्या दिवशी हळदीला परत जायच्या गडबडीत ती दारातून म्हणाली होती, "मॅडम, शीर्षक परवा दुरुस्त करते." मी म्हणाले, "समजले."

वाचनालयातला संगणक सुरू केला की वर अजून 'वाचनलाय' दिसतं. खाली पुस्तकं सापडतात.