मरणाला न आवडणारी नावं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर माझ्या आत्याचे, वडिलांच्या थोरल्या बहिणीचे. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. तोडीवर नेलेली पोरं शाळेत परत येत नाहीत हे तिनं पाहिलं होतं, म्हणून तिनं मला तालुक्याच्या गावी स्वतःच्या खोलीवर ठेवून घेतलं. ती एका मेसमध्ये चपात्या लाटायची. माझी दहावी, बारावी आणि बी.एस्सी. तिच्या मनगटांवर झाली. संध्याकाळी ती मनगटाला एरंडाचं पान शेकून बांधायची आणि मला म्हणायची, "वाच तू, माझ्याकडं काय बगतूस." आमच्या घराण्यात पदवीचा कागद हातात धरणारा मी पहिला.

माझं नावही तिनंच ठेवलेलं. ते इथे लिहीत नाही. इथे कुणाचंच नाव लिहिणार नाही, अर्थ तेवढे सांगेन. माझ्या नावाचा अर्थ, घर झाडल्यावर जे गोळा होतं ते. माझ्या आधी दोन भाऊ होऊन गेले, दोघंही तान्हेपणी. म्हणून मी जन्मलो त्या दिवशी आत्यानं मला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. "कुणी टाकलं गं हे?" म्हणत शेजारणीनं उचललं आणि आत्यानं तिच्याकडून मला पसाभर ज्वारीला विकत घेतलं. मग नाव ठेवलं. मरण दाराशी येऊन आत कोण आहे असं विचारायला लागलं, तर सांगता यावं की कुणी नाही, केर आहे. केरू, कचरू, दगडू, धोंडू अशी नावं आमच्या भागात गावोगाव आहेत. अशा माणसाच्या आधी बहुतेक वेळा कुणीतरी गेलेलं असतं.

शाळेत घालताना गुरुजींनी आत्याला समजावलं होतं. "बाई, पुढं कॉलेजात गेल्यावर पोराला या नावाची लाज वाटेल. चांगलंसं एखादं लिहू का?"

"लाजंनं कुणी मरत न्हाई, गुरुजी," आत्या म्हणाली. "हाय तेच लिवा."

लाज वाटली हे खरं. कॉलेजात तर फार वाटली. ती लाज गेली चाकणला नोकरी लागल्यावर.

गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात मी काम करतो. हजेरी, गेटपास, पीएफचे कागद हे माझं काम. राहायला तळवड्यात. कंत्राटी कामगार देशभरातून येतात आणि त्यांची नावं पहिल्या दिवशी माझ्या हाताखालून जातात. एकदा गोरखपूरकडचा एक वयस्कर वेल्डर आला. त्याच्या नावाचा अर्थ कळल्यावर गेटवरचा सुपरवायझर हसायला लागला. "काय राव, घरच्यांना दुसरं काही सुचलं नाही? डायरेक्ट कचरा?"

मी वेल्डरला विचारलं, "आपसे पहले कितने गए?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तीन. आपको कइसे मालूम?"

मी माझं ओळखपत्र पुढे केलं आणि माझ्या नावाचा अर्थ सांगितला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तब तो भाई हुए हम. एक ही घूरे के." घूरा म्हणजे उकिरडा.

तेव्हापासून मला विचारायची सवयच लागली. बेळगावकडच्या एका फोर्कलिफ्टवाल्याच्या आजोबांचं नाव उकिरड्यावरूनच पडलेलं निघालं. बंगालमधल्या एका फिटरच्या काकाचं नाव होतं तीन कवड्या, कारण आईनं त्याला तेवढ्यालाच सुईणीला विकलं होतं. मग मी फोनवर शोधायला लागलो. मंगोलियात 'हा तो नव्हे' असं नाव ठेवतात, म्हणजे न्यायला आलेलं मरण फसून परत जाईल. चीनच्या खेड्यांत 'कुत्र्यानं खाऊन उरलेलं' असं म्हणतात. आफ्रिकेत एक नाव आहे, त्याचा अर्थ, खणायला कुदळ उरली नाही. म्हणजे बाळा, आता मरू नकोस, पुरायची सोय नाही. हे वाचून मला बरं वाटायचं. जगभरच्या आया माझ्या आत्यासारख्याच घाबरलेल्या होत्या.

माझ्या बायकोच्या नावाचा अर्थ मात्र मी या यादीत कधी धरला नाही. तिच्या नावाचा अर्थ 'नको'. ती चौथी मुलगी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात, ते तिनं स्वतः निवडून मला आधीच सांगून ठेवलं होतं. घरात तेच चालतं. पण आधार कार्डावर जुनंच राहिलं.

आमचा पहिला मुलगा सातव्या महिन्यात झाला आणि बारशाच्या आधीच गेला. आमच्याकडे नाव बाराव्या दिवशी, आत्यानं बाळाच्या कानात सांगायचं. तोवर ते कुणी बाहेर काढत नाही. बायकोनं एक मनात धरलं होतं, ते तिनं मलाही सांगितलं नव्हतं. पुरायला नेलं तेव्हा तिथल्या माणसानं नोंदीसाठी नाव विचारलं. मला काही सांगता आलं नाही. त्यानं 'मुलगा' एवढंच लिहिलं.

नंतर मुलगी झाली, तीही वेळेआधीच. आकुर्डीच्या एका दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीला कार्ड लावलेलं होतं. त्यावर 'बेबी ऑफ', आणि पुढे बायकोचं आधार कार्डावरचं नाव. नर्सही त्याच नावानं बोलायच्या. 'नको'च्या बाळाचं दूध आलं का? 'नको'चं बाळ कुणाकडे आहे?

"अहो, बाराव्या दिवसाची वाट बघायची नाही," बायको पहिल्याच दिवशी म्हणाली. "आजच नाव ठेवू. त्या कार्डावर तिचं स्वतःचं नाव लिहून घ्या."

ती पडल्या पडल्या फोनवर नावांच्या याद्या वाचायची. कुणाचं नसेल असं, वेगळं नाव हवं म्हणून लोक तिथे जातात. एकाच नावाचा अर्थ एका ठिकाणी प्रकाश दिलेला, दुसरीकडे नदी, तिसरीकडे विष्णूची पत्नी. आम्ही दोघं त्यावर हसलोसुद्धा. शेवटी ती म्हणाली, "अर्थ काही नसला तरी चालेल. वाईट तेवढा नको."

पण नाव ठेवायचा मान आत्याचा. मला सख्खी बहीण नाही, म्हणून घरात ते काम तिच्याकडेच. मी तिला बोलावलं. ती एसटीनं निगडीला उतरली. काखेत फडक्यात गुंडाळलेलं नवं कोरं सूप.

दवाखान्याच्या दारात वॉचमननं अडवलं. "आजी, इथं काय पाखडायला आलात?"

"न्हाई रे बाबा," आत्या म्हणाली, "लेकरू इकायला आलेय."

वॉचमन ताडकन उभा राहिला. त्याला समजावताना माझी पुरेवाट झाली. सूप त्याच्या टेबलाखाली ठेवूनच आम्हाला आत जाता आलं.

मुलीजवळ फक्त आईला सोडत होते. त्यामुळे आत्यानं बाहेरच्या बाकावर बसून दुसरी तजवीज सुरू केली. फरशी पुसणाऱ्या मावशींना तिनं जवळ बोलावलं.

"बाई, माझी नात घेतीस का? पसाभर ज्वारीला."

"मला तीन हायत, आत्याबाई," मावशी म्हणाल्या. "चौथी कुठं ठेवू? आधी माझी खोली तर बघा."

"ठिवायची न्हाई गं. घ्यायची आन मला परत इकायची."

"मग द्या की. ज्वारी चांगली हाय नव्हं?"

दोघी हसत होत्या. आत्यानं ओच्यातून ज्वारी काढली. "आन नाव केराबाई," ती म्हणाली. तेवढ्यात दूध काढून देऊन बायको भिंतीला धरत बाहेर आली होती. तिनं ते ऐकलं.

"आत्या, माझ्या मुलीला केर म्हणायचं नाही."

"म्हणायला काय जातंय, पोरी? जगली की बदल. तुझ्या नवऱ्याला म्हणलं, मेला का त्यो?"

"मला काय म्हणून हाक मारायचे ठाऊक आहे ना तुम्हाला? शाळेत बाई रोज हजेरी घ्यायच्या. त्या म्हणायच्या 'नको', आणि मी उभी राहून म्हणायचे 'हजर'."

मावशींनी बादली उचलली आणि त्या पलीकडे गेल्या. आत्यानं ज्वारी पुन्हा ओच्यात घेतली.

"ते येगळं," ती म्हणाली. "तुला नगं म्हणून तसं ठिवलं. हिला पायजे म्हणून ठिवायचं."

"तिला काय कळणार आहे त्यातलं? तिच्या कानावर शब्दच पडणार."

मी मध्ये पडलो. फोन काढून चीन, मंगोलिया, आफ्रिका सांगायला लागलो. मला वाटलं, दोघींनाही धीर येईल.

"बग," आत्या म्हणाली, "समदी दुनिया येडी आन तुझी बायकू तेवढी शानी."

"त्या पोरांना कुणी विचारलंय का, कसं वाटतं म्हणून?" बायको म्हणाली.

मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. यादीत कधी धरलं नसलं तरी या क्षणापर्यंत मला वाटत होतं की माझं नाव आणि बायकोचं नाव ही एकाच जातीची. दोन्ही फेकून दिल्यासारखी. पण एक नाव पोराला पदराखाली लपवण्यासाठी होतं आणि दुसरं नाव पोरीला तोंडावर सांगण्यासाठी. ज्याला लपवलं त्याला अर्थाचं कौतुक वाटू शकतं. तिला ते कसं वाटावं?

"आत्या," मी म्हणालो, "या वेळी तिला ठेवू दे."

आत्याला मी कधी 'नाही' म्हटलेलं नव्हतं. ती उठली. "मंग आत्या कामून बोलावली? मोबाइललाच इचारायचं." वॉचमनकडून सूप घेऊन तिनं ते पुन्हा फडक्यात बांधलं. मी तिला निगडीला एसटीत बसवलं. गाडी सुटेपर्यंत ती समोरच्या सीटकडे बघत होती.

दुपारी सिस्टरनी आम्हा दोघांनाही गाऊन घालून आत घेतलं. बायकोनं पेटीच्या गोल भोकातून हात घातला, मुलीच्या डोक्यावर ठेवला आणि काचेला गाल लावून नाव सांगितलं. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, नाव सांगणारीच्या पाठीत धपाटे घालायला कुणी नाही. सिस्टरनी चिकटपट्टीवर मार्करनं ते नाव लिहून कार्डावरच्या जुन्या नावावर चिकटवलं. त्यानंतर नर्स मुलीला नव्या नावानं हाक मारायला लागल्या. बायको दर वेळी "काय हो?" म्हणून उठायची. ते थोडे दिवस चांगले गेले असं लिहिताना संकोच वाटतो, पण ते खरं आहे.

मग संसर्ग झाला आणि मुलगी गेली. डॉक्टरांनी काही हातचं राखलं नाही आणि काही लपवलंही नाही. पुरायला नेलं तेव्हा मी तिचं नाव सांगितलं आणि ते लिहिलं गेलं.

गावी आत्याकडे फोन नाही. शेजाऱ्यांच्या फोनवर मी निरोप दिला. त्यांच्या सुनेनं जाऊन सांगितलं आणि परत येऊन फोन उचलला. "काय म्हणाली?" मी विचारलं.

"त्या म्हणाल्या, मी सांगितलं होतं."

फोन स्पीकरवर होता. बायको समोर बसली होती. त्या दिवसापासून तिनं मुलीचं नाव घेणं बंद केलं. माझ्या तोंडून निघालं तर उठून जायची. म्हणून मी आत्याला पत्र लिहिलं; तिला अक्षरं जुळवून वाचता येतं. ते असं होतं:

आत्या,

फोन शेजाऱ्यांच्या हातात असतो आणि हे तुझ्या एकटीसाठी आहे, म्हणून लिहितोय. अक्षर मोठं काढलंय. सावकाश वाच.

मुलीची फुप्फुसं तयार झालेली नव्हती, त्यात संसर्ग झाला. डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं. तुला चित्रानं पटणार नाही हे मला माहीत आहे. खरं सांगायचं तर कधी कधी मलाही पटत नाही. तू म्हणालीस ते नाव ठेवलं असतं तर, असं माझ्याही मनात येतं. मग मला तोडीवरची पोरं आठवतात. त्यांच्यात केरू होते, दगडू होते, आणि तीही फडाच्या कडेला पुरलेली आहेत. त्यांची नावं काय कमी वाईट होती?

मी नावानं जगलो नाही, आत्या. आईला दूध नव्हतं तेव्हा तू दारोदार जाऊन माझ्यासाठी दूध मागितलंस. तापात मला खांद्यावर घालून दवाखान्यात नेलंस. हे सगळं तू केलंस आणि श्रेय नावाला देतेस. मला ते आता सहन होत नाही.

तू 'मी सांगितलं होतं' म्हणालीस ते हिनं ऐकलं. तेव्हापासून ती मुलीचं नाव घेत नाही. तिला वाटतं, त्या नावानंच मुलगी गेली, आणि नाव तर तिनंच ठेवलेलं. पहिल्याला नाव नव्हतं म्हणून ती रडायची. मुलीला आहे, तर ते उच्चारायला भिते.

आजवर तूच मला सांगत आलीस, मी ऐकत आलो. एकदा माझं ऐक. इकडे ये. तिला बोल लावू नकोस, समजूतही घालू नकोस. तिच्याजवळ बस आणि विचार, पोरीचं नाव काय ठेवलं होतंस? ती लगेच सांगणार नाही. पुन्हा विचार. मी ते नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही.