दरेकशाच्या घाटाअलीकडे

यांचं डायलिसिस सुरू झालं, त्या वर्षी देवापुढे माझे हात जोडले जायचे, पण मन काही जुळत नव्हतं. रागावले होते असं नाही. रागवायलाही अंगात बळ लागतं. आठवड्यातून दोनदा दवनीवाड्याहून गोंदियाला जायचं, दवाखान्याच्या बाकावर बसून राहायचं, यांना घेऊन परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धानाची, गुरांची कामं. या सगळ्यात देव कुठेतरी मागे पडला. दिवा लावायचे, कारण सासूबाई लावत होत्या. एवढंच.

गाडी मी याच काळात शिकले. गाडी जुनी, यांच्या हौसेची. आधी हेच चालवायचे. आजारपणात स्टिअरिंग माझ्या हाती आलं आणि गावातल्या बायांनी तोंडाला पदर लावला. पण गाडी होती म्हणून आमचं चाललं होतं. बसच्या गर्दीत यांना घालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

धान कापणीच्या सुमारास गाडीत एक पिवळा दिवा लागायला लागला. एबीएस अशी अक्षरं त्यावर. कधी लागे, कधी आपोआप विझे. गोंदियाच्या मिस्त्रीकडे नेली की नेमका विझलेला असायचा. मिस्त्री भला माणूस होता. त्यानं ब्रेकचे पॅड पाहिले, तेल पाहिलं, एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "भाभीजी, मेरे सामने तो कुछ करती ही नहीं. शायद एबीएस का पूरा यूनिट बदलना पड़ेगा, लेकिन पक्का नहीं बोल सकता." पक्कं नसताना एवढं मोठं काम काढायला माझं मन होईना. आणि तो दिवा पाहिला की, ही गाडी बसली तर यांना कसं न्यायचं, हा एकच विचार.

तशात यांनी डोंगरगडच्या बमलाई देवीला जायचं काढलं. आजारपणात यांनी कधी काही मागितलं नव्हतं. साधं पाणीही मोजून प्यायचे, तक्रार नाही. एके दिवशी ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाले, "रोपवेनं वर जाता येते म्हणते. एकदा दर्शन घडव मले." मी म्हटलं, "तब्येत अशी, गाडी अशी. कायले जायचं?" हे नुसते हसले. त्या हसण्यापुढे माझं काही चाललं नाही.

दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी सकाळीच निघालो. आमगाव गेलं, सालेकसा गेलं. दिवा विझलेला होता, मीही जरा सैल झाले होते. पुढे दरेकशाचं जंगल आणि घाट. घाटाच्या थोडं अलीकडे रस्त्याला लागून एक बोडी आहे, पाण्यानं भरलेलं लहानसं तळं, आणि तिच्या मातीच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेली देवी. तिथेच शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला. वेग असा नव्हताच. मी ब्रेक दाबला, गाडी थांबत आली, आणि ऐन थांबायच्या वेळी पेडल पायाखाली कर्रकर्र करत थरथरलं. त्यानं पाय मागे ढकलला आणि गाडी पुढे सरकतच राहिली. समोर शेळ्या, बाजूला बोडी. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. यांनी हात लांबवून हँडब्रेक ओढला. गाडी पाळीच्या दगडाला टेकून उभी राहिली. शेळ्या कधीच पांगल्या होत्या.

 मी खाली उतरले आणि त्या शेंदरी देवीकडे पाहून मनात म्हटलं, आता हेच बाकी होतं का?

मोहाखाली दोघीजणी शिदोरी सोडून बसल्या होत्या. एक म्हातारी, आणि एक माझ्याच वयाची, तिची लेक. डोंगरगडाहून दर्शन घेऊन परतत होत्या. त्यांची गाडी पलीकडे उभी होती. आमच्याच गाडीसारखी गाडी, तेच जुनं मॉडेल. लेक हात पुसत उठून आली. लागलं कोणाला का, हे आधी विचारलं. मग म्हणाली, "ताई, ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथरलं का?"

"हो ना जी. पाय फेकूनच दिला माझा."

"आन् गाडी थांबतच येऊन राहिली होती?"

मी मान डोलावली. ती सांगायला लागली, "मी आयटीआयत मोटर मेकॅनिकचं शिकवतो. हे पाहा, चारही चाकांजवळ एकेक सेन्सर राहते. चाक किती फिरून राहिलं, त्याची खबर तो देते. एखादा खोटी खबर देऊन राहिला, का चाक फिरत असूनही गाडीले वाटते, चाक जाम झालं. मग घसरू नये म्हणून ती ब्रेक सोडते. गाडी तुमाले वाचवूनच राहिली होती, पण चुकीच्या टायमाले."

तिनं बॉनेट उघडून एक फ्यूज काढला. म्हणाली, आता ते एबीएसचं यंत्र बंद, साधा ब्रेक जसाच्या तसा लागेल. पाळीजवळच्या मोकळ्या जागेत तिनं स्वतः गाडी चालवून चार-सहा वेळा थांबवून दाखवली. गाडी मुकाट्यानं थांबली. "पण घाटात जाऊ नका," ती म्हणाली. "हळूहळू आमच्यामागं आमगावले चला. घरी स्कॅनर आहे, गाडीतला बिघाड दाखवते. नीट पाहू."

खरं सांगते, त्या क्षणी मला आधार वाटायच्या आधी दुःख झालं. यांनी एवढी एकच गोष्ट मागितली आणि देवीनं दारातून परत पाठवलं, असं वाटलं. मी तसं बोलूनही गेले. हे म्हणाले, "परत पाठवलं काऊन म्हणतेस? घाटात होऊ शकत होतं, ते इथं सपाटीवर झालं." आणि मोहाखाली जाऊन डोकं टेकवून आले.

आमगावला त्यांच्या अंगणात बाज टाकून यांना उन्हात निजवलं. म्हातारीनं पाणी आणलं, ते तांब्यात नाही, लहानशा वाटीत. मी चमकले, कारण आम्ही अजून काही सांगितलं नव्हतं. यांच्या हाताची, डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली शीर पाहून तिनं ओळखलं होतं. यांच्याजवळ बसत म्हणाली, "आमच्या बुढ्यालेबी मोजूनच पाणी होतं, बापू. घोट तोंडात धरून ठेव, मग गिळ. तहान कमी लागते." तिचा नवरा जाण्याआधी तीन वर्षं डायलिसिसवर होता. डोंगरगडाची वारी ती त्याच्याच नावानं करून आली होती.

लेकीनं स्कॅनर जोडला आणि फ्यूज परत बसवला. घरामागच्या रिकाम्या खळ्यावर मी हळू गाडी चालवत होते, ती शेजारी बसून आकडे पाहत होती. चारही चाकांचे आकडे बरोबरीनं उतरत आले, पण गाडी थांबायच्या जरा आधी पुढच्या डाव्या चाकाचा आकडा एकदम शून्य झाला. पेडल थरथरलं. "घ्या, सापडला," ती म्हणाली. इतके दिवस लपलेलं ते दुखणं अखेर कोणासमोर तरी दिसलं, याचंच मला केवढं हायसं वाटलं!

चाक काढलं. सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी वस्तू, गंजानं जागेवर घट्ट चिकटलेली. आधी तिनं वायर तपासली, ती ठीक होती. सेन्सरसमोरची, चाकाबरोबर फिरणारी दातेरी कडी ब्रशनं साफ करून पाहिली, पुन्हा चालवून पाहिलं. आकडा पडतच होता. म्हणजे सेन्सरच गेलेला. या जुन्या मॉडेलचा नवा मिळायला वेळ लागेल, आणि उद्या तर गोंदियाला जायचं. 

तिनं हात पुसले, आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "माय, बाबाच्या गाडीचा काढू का?"

मागच्या पडवीत ताडपत्रीखाली आणखी एक तशीच गाडी होती. मागून ठोकर बसलेली, बरीच वर्षं उभी. याच गाडीतून म्हाताऱ्याला डायलिसिसला नेत असत. लेकीनं तिला कुणालाही हात लावू दिला नव्हता. म्हातारी मग यांच्या अंगावरची चादर सारखी करत म्हणाली, "काढ ना. हेबी त्याच वाटेनं जाऊन राहिले."

तेल फवारून, थांबून, हलकेच फिरवत तिनं तो सेन्सर काढला. ओढताना तुटेल अशी भीती होती. तो सुटला तेव्हा तिनं ओढणीच्या टोकानं तो पुसला आणि आमच्या गाडीला बसवला. पुन्हा खळ्यावर फेरी. चारही आकडे एकत्र उतरले, एकत्र शून्यावर आले. मग तिनं मला भुसभुशीत मातीवर जोरात ब्रेक मारायला लावला. पेडल थरथरलं, पण गाडी सरळ राहून थांबली. "आता थरथरलं ते बरोबर, चाक खरंच घसरून राहिलं होतं," म्हणत ती हसली. मला मात्र रडू फुटलं. इतक्या महिन्यांत मी रडलेच नव्हते.

पुढच्या आठवड्यात आम्ही डोंगरगडाला गेलो. घाट लागला तरी तो पिवळा दिवा लागला नाही. रोपवेनं वर गेलो, हे देवीपुढे बराच वेळ उभे राहिले. मी यांच्या आयुष्याचं मागणं मागायचं ठरवून गेले होते. समोर उभी राहिले आणि काही मागताच येईना. "तू पाहून राहिलीस ना," एवढंच तोंडातून निघालं, आणि मन निवलं.

कुणी म्हणेल, यात देवीचं काय? एक शिकलेली बाई वाटेत भेटली, तिला गाडीतलं कळत होतं, एवढंच. असेल. मी वाद घालत नाही. यांचा आजारही काही गेलेला नाही. गोंदियाच्या वाऱ्या चालूच आहेत. पण आता दिवा लावताना हात आणि मन एका ठिकाणी असतात. सांभाळणं सगळं आपल्याच अंगावर आहे, असं समजून मी वाकून गेले होते. आपण आपलं स्टिअरिंग नीट धरावं, पुढचा रस्ता तिच्यावर सोडावा, हे मला त्या दिवसांत उमगलं.

परतताना दरेकशाचा उतार लागला. मी गाडी हळू घेतली, वळणावर ब्रेक लावला, आणि यांना विचारलं, भीती तर नाही ना वाटत? उत्तर आलं नाही. मान वळवून पाहिलं तर हे खिडकीला डोकं टेकून गाढ झोपले होते. मी चालवत असताना, उतारावर, पहिल्यांदाच.