मला एकट्याला जाणवलेला भूकंप

२०१८ सरता सरता आमच्या तलासरी-डहाणूकडची जमीन हलायला लागली ती थांबेचना. हादरा बसला की माणसं अंगणात पळायची आणि धाप टाकत एकमेकांना विचारायची, "किती असेल?" कोणी तीन म्हणे, कोणी साडेतीन. मग मोबाईलवर खरा आकडा यायचा आणि बहुतेक वेळा माझाच अंदाज जवळचा निघायचा. त्या दिवसांत माझा भाव वधारला होता.

अशाच एका दुपारी वाडीतल्या शेडमध्ये चिकू निवडणं चाललं होतं. अचानक अशी लाथ बसली की मी क्रेटवरून थेट जमिनीवर. पडल्या पडल्या आरोळी ठोकली, "आला! चारच्या वर!" सगळे बाहेर धावले. बाहेर काहीच नाही. शेडमधला टांगलेला बल्बसुद्धा जागचा हलला नव्हता.

"काका, तुमाला एकट्यालाच आला काय?" निवडणाऱ्या बाईंनी विचारलं.

"मालक आहे मी वाडीचा. आधी मला कळवतात."

सगळे हसले. बायको हसली नाही. ती माझ्या डाव्या खांद्याखाली बघत होती.

तिथे कातडीखाली २०१४ पासून एक यंत्र होतं. हृदय भलतंच धावायला लागलं तर झटका देऊन त्याला ताळ्यावर आणणारं. त्यातून एक वायर गळ्याच्या हाडाखालून, शिरेतून हृदयात गेलेली. "झटका बसला तर घोड्याने लाथ मारल्यासारखं वाटेल," असं डॉक्टर म्हणाले होते. मी घोडा जवळून पाहिला तो माझ्याच वरातीत, आणि तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. त्यामुळे लाथेची ओळख नव्हती. यंत्र बसण्याआधी मी एकदा जेवता जेवता कोसळलो होतो. तेव्हापासून बायको वाडीत सावलीसारखी मागे असायची. यंत्र बसलं आणि तिने मला एकट्याला सोडायला सुरुवात केली. "तो आहे ना आता सोबत," म्हणायची, जणू राखणदारच ठेवलाय.

दुसरी लाथ बसली वेवजीला, सासुरवाडीत, ताटावर. मी उडालेला पाहून घरचे सवयीने ताटं घेऊन अंगणात. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, हादरे आमच्या गावचे, आणि आम्हालाच कळत नाहीत?"

या वेळी मात्र मला उमगलं. यंत्र! दोनदा वाचवलं की मला! मी अंगणातच प्रयोग लावला. यम रेड्यावर बसून वेवजीच्या फाट्यापर्यंत आला, यंत्राने लाथ घातली, रेडा उधळला तो सरळ गुजरातेत. सासूबाईंनी नारळ फोडला. बायको डोळे पुसत हसत होती. "अहो, परत सांगा ना, रेडा कुठून वळला?"

हॉस्पिटलात यंत्रातली नोंद तपासून डॉक्टर म्हणाले, "दोन्ही वेळा तुमचं हृदय ठीक होतं." यम आलाच नव्हता. हाडाखाली वायर चिरली होती. तिथल्या खरखरीला यंत्र हृदयाची धावपळ समजलं आणि विनाकारण झटके देत बसलं. खरी वेळ आली असती तर कदाचित उपयोगीही पडलं नसतं. नवी वायर घालायची ठरली.

"डावा हात वर करून काही काम करता?" त्यांनी सहज विचारलं.

मला प्रेक्षक मिळाला. उभा राहून चिकू काढायची बेडणी कशी चालवतो ते हातवारे करून दाखवलं. लांब बांबू, टोकाला जाळी, मान वर, हात डोक्यावर, चिकू अलगद जाळीत. फार छान जमलं. वळून पाहिलं तर बायकोचा चेहरा पांढरा पडला होता. आदल्या हंगामात माणसं मिळेनात, तेव्हा तीच म्हणाली होती, "थोडे तुम्हीच काढा ना, झाडावरच पिकून जातील."

डॉक्टरांनी तिला समजावलं. वायर नुसत्या बसून राहणाऱ्याचीही चिरते, नेमकी कशाने ते कोणीच सांगू शकत नाही. तिने मान हलवली, डॉक्टरांपुढे हलवतात तशी.

नवी वायर उत्तम चालते आहे. बेडणी तिने माळ्यावर टाकली. ती पुन्हा वाडीत माझ्या मागे असते. लोक अजून रेड्याची गोष्ट मागतात. मी सुरू केली की ती आत जाते. मी आयुष्यभर लोकांना काय काय पटवलं, पण तिचा काही दोष नव्हता, एवढंच मला तिला पटवता आलेलं नाही. "अहो, डॉक्टर म्हणाले ना," मी म्हणतो. "हो, म्हणाले," ती म्हणते आणि भांडी लावायला लागते.

हादरे अजून बसतात. पळताना सगळे वर पंख्याकडे बघतात, ती माझ्याकडे. अंगणात लोक विचारतात, "किती असेल?" मी आता आकडा सांगत नाही. आधी तिला उत्तर द्यायचं असतं.

"जमीनच ना?" माझी बाही घट्ट धरून ती विचारते.

"जमीनच."

मग ती बाही सोडते. भूकंप झाला म्हणून हायसं वाटणारी अख्ख्या तालुक्यात ती एकटीच असेल.