धावड्याचा लाल

सकाळी चहा घेत होतो आणि फोनवर सुधाकरचं नाव उमटलं. उचलावा की नको, या विचारात मी तो तसाच वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला, तर आवाज शोभावहिनींचा. "भाऊजी, हे गेले हो... पहाटे झोपेतच." ज्याला टाळण्यासाठी मी फोन वाजू दिला, तो तेव्हा या जगातच नव्हता. या गोष्टीला आता महिना उलटून गेला, पण तो न उचललेला फोन काही डोक्यातून जात नाही.

सुधाकरचा बुलढाण्यात फोटो स्टुडिओ होता. अर्ध्या गावाची लग्नं, बारशी आणि शाळेच्या अर्जांवरचे चेहरे त्यानंच काढलेले. पण थंडी पडली की त्याचं दुकानात लक्ष लागायचं नाही. तिकडे राजूर घाटात जंगलाला रंग चढायला लागलेला असायचा... धावडा लाल, मोई पिवळी, सागाची पानं तांब्यासारखी आणि उतारावरचं वाळलेलं गवत उन्हात नुसतं झळाळायचं. आम्ही शाळेपासूनचे मित्र. मी कोर्टात कारकून होतो. रविवारी माझ्याच स्कूटरवर मागे बसून तो घाटात यायचा. एकेका झाडापुढे बसून राहायचा. "ढग सरकू दे बे, आत्ता ऊन येते," म्हणायचा. मी कंटाळून शेंगा फोडत बसायचो. नंतर फोटो पाहिला की वाटायचं, याच रस्त्यानं आपण इतकी वर्षं जातो-येतो, मग हे आपल्याला का दिसलं नाही?

पुढे साखरेनं त्याच्या डोळ्यांचा मागचा पडदा खराब केला. आकार धूसर दिसायचे, रंग जवळजवळ गेलेच. दुकान बंद झालं, पण घाट त्यानं सोडला नाही. मी शेजारी उभा राहून सांगायचो, डावीकडे लाल आहे, त्याच्या खाली पिवळं आहे. तो विचारायचा, "लाल म्हंजे कसा? कुंकवासारखा का विटेसारखा?" विटेसारखा म्हटलं की चेहरा फुलायचा. "धावडा हाये तो!" मग अंदाजानं कॅमेरा वळवायचा. मी त्याचे डोळे झालोय, असं लोक म्हणायचे. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

या हिवाळ्यात पुण्याहून नात आली होती. सकाळी तिला घेऊन गच्चीवर उन्हात बसायचं सुख मला सोडवत नव्हतं. त्यात गुडघे धरलेले, घाटातला गार वारा... खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. त्याचा फोन आला, "काय बे, चढला का रंग?" माझं घर घाटाच्या बाजूला. आदल्याच दिवशी फिरायला गेलो असताना मी लाल झालेला उतार पाहिला होता. तरी म्हणालो, "नाई बे, हिरवंच हाये अजून." आठवड्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा पहिलं खोटं सांभाळायला दुसरं बोललो. "चढला की सांगजो, मंग जाऊ," एवढंच तो म्हणायचा. माझ्यावर विसंबून.

नात पुण्याला परतली आणि मी त्याला घाटात नेलं, तेव्हा माघ निम्मा सरला होता. स्कूटरवरून उतरून तो चार पावलं चालला. बुटाखाली पानं चुरली. तो थांबला. वाकून एक पान उचललं, बोटांत चुरगळलं.

"गळली का बे सगळी?"

"हो... यंदा लवकर गळली," मी म्हणालो. तिसरं खोटं.

"हाव. असन."

त्यानं कॅमेरा काढला, उघड्या फांद्यांकडे धरला, मग न दाबताच खाली घेतला. "चाल, थंडी वाजून राह्यली." परतताना नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला. त्यानंतर मी त्याच्याकडे गेलो नाही. जायची हिंमतच झाली नाही.

तेराव्यानंतर वहिनींना भेटायला गेलो. राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "त्याईले माहीत होतं, भाऊजी. मी एसटीनं घाटातून मोताळ्याले गेली होती लग्नाले. घाट लालेलाल झाला म्हून मीच सांगतलं होतं घरी येऊन."

"मग तो मले बोलला काऊन नाही?"

"मी म्हनलं होतं, विचारा भाऊजीले. तर म्हने, त्याले आता झेपत नसन. नाही म्हनायले जड जाते त्याले."

तो रागावला असता, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं...

निघताना वहिनींनी कॅमेऱ्याची पिशवी माझ्या हातात दिली. मी नको नको म्हणत होतो. "ठेवा," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कोनाले देऊ?" पिशवी आता माझ्या खोलीत खुंटीला आहे. तिचा पट्टा सुधाकरच्या मापाचा आहे, मला आखूड होतो; खांद्याला लावली की काखेत रुतते. बक्कल सरकवलं की काम झालं. अजून सरकवलेलं नाही.