आर्गिरोबाईंनी पुरलेले दोन सदरे

आमच्या गावात मेलेल्या माणसाला पाच वर्षांनी उकरून काढतात. हाडं द्राक्षाच्या दारूनं धुवायची, लाकडी पेटीत ठेवायची आणि जागा पुढच्याला मोकळी करून द्यायची. जागेची टंचाई माणसाला मेल्यावरही सोडत नाही. हाडं स्वच्छ, पिवळसर निघाली की मातीनं माणूस पदरात घेतला म्हणायचं. जसाच्या तसा निघाला, तर मात्र त्या घराकडे वर्षभर कोणी मीठ मागायलाही जात नाही.

आर्गिरोबाई माझ्या शेजारीण. उंची बेताची, पण आवाज तीन शेतं ओलांडून जाणारा. नवरा स्तेरियोस गेला तेव्हा त्याच्या वाट्याच्या कापसाच्या शेतात बाईंनी नांगरच घातला नाही. "माती म्हणजे काय गोधडी आहे, दरवर्षी उसवून शिवायला?" असं म्हणून त्यांनी मेंढ्यांच्या लेंड्या पसरल्या, वाटाणा आणि चाऱ्याचा रानवेल पेरला, वाढल्यावर तो आडवा करून त्यावर गव्हाचं काड अंथरलं. त्या काडातूनच भोपळे, सोयाबीन, कांदे वर यायचे.

"बाई, शेताला थंडी वाजते का?" मी एकदा कॉफीच्या दुकानातून विचारलं.

"तुमच्या टकलाला टोपी लागते ना? तसंच," त्या म्हणाल्या आणि थांबल्याही नाहीत.

दीर झिसिस मात्र हसण्यावारी नेणारा नव्हता. शेजारचंच शेत त्याचं. वीस वर्षं कापूस, दरसाल खोल नांगरट, फवारणी ठरल्या तारखेला. यंदा एप्रिलमध्ये तो आला. "वहिनी, पाच वर्षं तुमची हौस झाली. आता तो तुकडा माझ्या ट्रॅक्टरखाली येऊ द्या. जमिनीचा कागद काढला तर त्यावर अजून माझंही नाव आहे."

"भावजी, तुम्ही आणि मी कशाला भांडायचं? मातीलाच विचारू."

रेडिओवर ऐकलेली गोष्ट होती ती. जिवंत माती सुती कापड खाऊन टाकते, मेलेली खात नाही. बाईंनी स्तेरियोसचे दोन पांढरे सुती सदरे काढले. एक आपल्या शेतात वीतभर खोल पुरला, दुसरा झिसिसनं स्वतःच्या हातानं त्याच्या शेतात. मुदत दोन महिन्यांची. बाईंचा सदरा टिकला तर शेत झिसिसचं. बाईंचा विरला आणि झिसिसचा टिकला, तर त्यानं पुन्हा कधी शेताचं नाव काढायचं नाही. साक्षीला पापा-थिमियोस, म्हणजे आमचे पाद्री, आणि मी.

जूनमधल्या भर दुपारी उकरायला गेलो. पाद्रीबुवांना तेवढाच वेळ मोकळा होता. आमच्याकडे भुतं दुपारीच फिरतात. रात्री त्यांनाही डास चावत असावेत. चिटपाखरू नव्हतं.

बाईंच्या शेतात फावडं लोण्यात जावं तसं गेलं. आत सदरा नव्हताच. कॉलरच्या कडेचा धागा, शिवणीचे चार दोरे आणि एका रांगेत सहा बटणं. भोवती गांडुळं. मी कान खाली नेला तर मातीतून बारीकशी कुरकुर येत होती. कोणीतरी सावकाश जेवत बसल्यासारखी. मी कान परत घेतला.

झिसिसच्या शेतात कुदळ घ्यावी लागली. ढेकळं दगडासारखी. मुंगीसुद्धा नाही. चौथ्या घावाला पांढरं दिसलं.

सदरा अख्खा निघाला. बटणं लावलेली, धागा न् धागा शाबूत. उजवी बाही छातीवर होती.

"मी बाह्या सरळ ठेवल्या होत्या," झिसिस म्हणाला.

"ट्रॅक्टरनं माती सरकली असेल," मी म्हणालो. मला तसंच असायला हवं होतं.

"इथून दोन महिने ट्रॅक्टर नेला नाही मी."

कोणीच हात लावेना. मग पापा-थिमियोस खाकरले. "झिसिस, पुरात कब्रस्तानाचा खालचा भाग वाहून गेला, तेव्हा भराव कुठून आणला होतास?"

झिसिस खाली बसला. त्यालाही आठवलं, मलाही. अकरा ट्रॉल्या, याच शेतातल्या. तेव्हा गावानं त्याचं कौतुक केलं होतं. त्याच भरावात वर्षभरानं आम्ही स्तेरियोसला ठेवलं. आणि पाच वर्षं भरली म्हणून त्याला उकरायचा दिवस येत्या शनिवारचा ठरलेला.

बाईंनी तो सदरा उचलला, झटकला, बाह्या जुळवून घडी घातली. दोरीवरून उतरवलेल्या कपड्यांची घालावी तशी. "तो अजून तसाच असेल," त्या हळू म्हणाल्या. त्यांचा आवाज हळू निघू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

"वहिनी, शेताचं मी पुन्हा काही बोलणार नाही."

"शेताचं झालं. शनिवारचं बोला."

झिसिस उठला. "तुमची माती द्याल का? दोन पोती. दादावर घालू. गांडुळांसकट."

पाद्रीबुवांनी पंचांगात बघितल्यासारखं आकाशात बघितलं आणि विधी दोन वर्षं पुढे ढकलला. शास्त्रात असं काही आहे का, ते मी विचारलं नाही.

दोघांनी बाईंच्या शेतातून पोती भरली. झिसिस खांद्यावर एक घेऊन पुढे, दुसरं बाईंच्या हातगाडीत. झिसिस मधूनच थांबायचा आणि पोतं कानाशी धरून ऐकायचा. मी कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत गेलो. आत गेलो नाही.