प्रिमोर्स्क जिल्ह्याच्या बाई

नामपल्लीच्या एका दाखल्यांच्या कचेरीत रांगेत माझ्या पुढे एक बाई होत्या. साठीच्या, सुती साडीतल्या, हातात प्लास्टिकची फाइल. नातीला शाळेत घालायचं होतं आणि तिचा जन्मदाखला युक्रेनच्या समुद्रकाठचा होता.

"असल जिल्हे का सिक्का होना, अम्मा," कारकून म्हणाला.

बाईंनी वहीच्या पानावर काढलेला नकाशा खिडकीत ठेवला आणि शाळेत शिकवावं तशा सावकाश, दखनीत सांगू लागल्या. नात जन्मली तेव्हा प्रिमोर्स्क वेगळा जिल्हा होता. पुढे सरकारनं तो शेजारच्या बेर्द्यान्स्क जिल्ह्यात मिळवला. मग रशियाची फौज आली आणि जिल्ह्याची कचेरी दुसऱ्या गावी गेली.

"कचेरीच निर्वासित आहे. शिक्का कोण देणार?"

कारकुनानं दाखला उलटून पाहिला.

"माझ्या सासूबाई निजामाच्या राज्यात जन्मल्या, आंध्रात म्हाताऱ्या झाल्या, तेलंगणात वारल्या. चिक्कडपल्लीतलं घर काही सोडलं नाही. त्यांना कुणी शिक्का मागितला नाही."

त्यानं नकाशा जरा वेळ पाहिला आणि अर्ज ठेवून घेतला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बरीच वर्षं होतात वाटतं तिकडं?"

"मी कुठली जाते," फाइलचं बटण लावत त्या म्हणाल्या. "मुलगा पोरीला घेऊन आला. सून तिच्या आईपाशी तिथंच राहिली. आई कुठं आहे, असं पोरगी रोज विचारते. काहीतरी नीट सांगता यावं म्हणून हे सगळं शिकले."